कापसाच्या मुलखात पॉलिएस्टरची शिफारस

मार्गशीर्ष लागला की माझ्या मोर्शीच्या दवाखान्यातील प्रश्नांचा सूर बदलतो. पावसाळाभर ताप-खोकल्याविषयी विचारणाऱ्या मुली-सुना आता "आईसाठी स्वेटर लोकरीचे घ्यावे की हे नवे फुगीर जाकीट?" असे विचारू लागतात. बाजारातील जाकिटांवर ‘थर्मल’, ‘ड्राय’, ‘ब्रीदेबल’ अशा शब्दांच्या चिठ्ठ्या लटकत असतात. त्यांचा अर्थ दुकानदाराला ठाऊक नसतो आणि गिऱ्हाइकालाही. याच सुमारास पुढच्या वैशाखात चारधामला किंवा त्यानंतर अमरनाथला जाऊ इच्छिणारे ज्येष्ठ नागरिक तब्येत दाखवायला येऊ लागतात. रक्तदाब, साखर आणि हृदयाचा आलेख पाहून झाल्यावर मी त्यांना हटकून विचारतो, "सोबत कपडे काय नेणार?" उत्तर बहुधा ठरलेले असते. चार सुती बनियन, दोन सुती धोतरे किंवा सुती साड्या, एक स्वेटर आणि एक शाल. काही अधिक सुचवू लागलो की सत्तरी ओलांडलेले काका हसून म्हणतात, "डॉक्टरसाहेब, सुती ते सुतीच. बाकी सारं नकली."

त्यांचे चुकते असे मी कसे म्हणू? आपला हा प्रदेश कापसावर वाढला. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा सुती कापडासारखा सोबती नाही. परंतु थंडी आणि ओल एकत्र आली की हाच सोबती उलटतो. म्हाताऱ्या शरीराच्या बाबतीत हे उलटणे जिवावरही बेतू शकते. म्हणून आज थोडे कापडाविषयी. औषधांइतकाच हा विषयही वैद्यकीय आहे.

आरंभ शरीरापासून करू. आपले शरीर ही सतत पेटलेली शेगडी आहे. तिचे तापमान सदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. तरुणपणी स्नायू भरपूर असतात, त्यामुळे उष्णताही भरपूर निर्माण होते. वय वाढते तसे स्नायू झडतात, त्वचेखालील चरबीचा थर पातळ होतो, आणि थंडी लागताच त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून आतली ऊब राखतात ती क्रियाही मंदावते. थंडी वाजल्याची जाणीवच उशिरा होते. ही शेवटची बाब घरच्यांनी विशेष लक्षात ठेवावी. "मला काही थंडी वाजत नाही" असे आजोबा म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखरच कळत नसते. त्यात थायरॉइडची कमतरता, मधुमेह, झोपेच्या गोळ्या किंवा रक्तदाबासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे असतील तर शेगडी आणखी मंद जळते.

आता कपड्याकडे येऊ. कपडा स्वतः ऊब देत नाही. अंगाची ऊब बाहेर जाऊ न देणे एवढेच त्याचे काम, आणि तेही तो एकटा करीत नाही. धाग्यांच्या मध्ये अडकून पडलेली हवा ते काम करते. स्थिर हवेतून उष्णता फार हळू वाहते. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतलेली दुलई पहिल्या हिवाळ्यात कशी ऊबदार असते ते आठवा. चार वर्षांनी तीच दुलई चपटी होते आणि रात्री पायाला गारवा जाणवू लागतो. कापूस तोच, वजनही तेच. फक्त मधली हवा निघून गेलेली असते. पिंजाऱ्याकडे पुन्हा पिंजायला दिली की ऊब परत येते, कारण तो कापसात पुन्हा हवा भरून देतो. आपल्या आज्या-पणज्यांना हे शास्त्र हाताने ठाऊक होते.

या हवेची जागा पाण्याने घेतली की सारा खेळ उलटतो. हवेच्या तुलनेत पाण्यातून उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने वाहते. शिवाय ओला कपडा अंगावर वाळतो तेव्हा त्यातील पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते, आणि ती मोठ्या प्रमाणात अंगातूनच ओढली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी, म्हणजे अर्ध्याहून थोडी अधिक किलोकॅलरी लागते. घामाने किंवा पावसाने भिजलेल्या सुती बनियनमध्ये दोनशे ग्रॅम पाणी आहे असे धरा. ते वाळायला सुमारे ११६ किलोकॅलरी लागतील, म्हणजे जवळपास एका भाकरीएवढी ऊर्जा. ही सगळी उष्णता साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगातूनच गेली आणि शरीराने तिची भरपाई केली नाही, तर त्याचे तापमान दोन अंशांहून अधिक उतरेल. तरुण माणूस कुडकुडून, चालून भरपाई करतो. पंचाहत्तरीच्या माणसाची भरपाई अपुरी पडते. शरीराच्या गाभ्याचे तापमान पस्तीस अंशांच्या खाली जाणे याला आम्ही हायपोथर्मिया म्हणतो, मराठीत अतिशीतता म्हणता येईल. सदतीसातून दोन गेले की आपण त्या उंबरठ्यावर येतो.

कापसाचा तंतू पाण्याचा लोभी आहे. कोरड्या दिसणाऱ्या सुती कापडातही साध्या हवेत त्याच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा मुरलेला असतो. पॉलिएस्टरच्या तंतूत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी, साधारण ०.४ टक्के असते. कापूस पाणी पितो, फुगतो, अंगाला चिकटतो आणि सोडता सोडत नाही. उन्हाळ्यात हाच गुण वरदान ठरतो, कारण ओल्या कापडातून वाफ होत राहते आणि अंग गार राहते. वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारतो तो याच कारणाने. हिवाळ्यात किंवा हिमालयात वाळ्याचा ओला पडदा पांघरून कोण बसेल? भिजलेले सुती बनियन घालून बसणे हे जवळपास तेच आहे.

पॉलिएस्टर म्हटले की माझ्या वाचकांतील अनेकांना टेरिलीन आणि टेरिकॉट आठवेल. इस्त्री न मोडणारा, वर्षानुवर्षे न फाटणारा टेरिकॉटचा सदरा त्या काळी लग्नासाठी शिवला जाई. आमच्या घरीही वडिलांचा असा सदरा होता, आणि मे महिन्याच्या वरातीत तो घालून चालणे म्हणजे काय यातना असत, हे ते रंगवून सांगत. इतिहासाची गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला तेव्हा मँचेस्टर भागातील गिरण्यांची नजर आपल्या वऱ्हाडच्या कापसाकडे वळली होती. पुढे १९४१ साली मँचेस्टरच्याच कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कंपनीतील जॉन व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन या रसायनतज्ज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा तयार केला. तोच टेरिलीन. आपल्या कापसाचा गिऱ्हाईक आणि त्याचा प्रतिस्पर्धी, दोन्ही एकाच गावचे.

जुना टेरिकॉट चिकचिकत असे. आजचे पॉलिएस्टर रसायनाने तेच आहे, पण त्याची घडण बदलली आहे. धागा केसाहून बारीक काढतात. काही प्रकारांत त्याला गोल न ठेवता लांबीभर पन्हाळीसारख्या खाचा ठेवतात. कापड घट्ट न विणता मोकळे विणतात. समईच्या वातीतून तेल वर चढते ते सर्वांनी पाहिले आहे. बारीक फटींतून द्रव आपोआप पुढे सरकतो, त्याला केशाकर्षण म्हणतात. अंगावरील घाम या धाग्यांच्या फटींतून कापडाच्या बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तेथे मोठ्या पृष्ठभागावर लवकर वाळतो. येथे कोणी विचारील की वात तर कापसाचीच असते, मग सुती बनियनने काय पाप केले? सुती बनियनही घाम ओढून घेते, पण तंतूच्या पोटात साठवून ठेवते. पॉलिएस्टरच्या पोटात पाण्याला जागा नाही, म्हणून ते पाणी तंतूच्या अंगावरून पुढे जाते. त्वचेला लागून असलेला भाग लवकर कोरडा होतो. चिठ्ठीवरील ‘ड्राय’ या शब्दाचा अर्थ एवढाच.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले ज्येष्ठ आहेत, त्यांनी हे तत्त्व रोज हाताळले आहे. प्रौढांच्या डायपरचा त्वचेकडील पांढरा पातळ थर सामान्यतः पॉलिप्रॉपिलिन या कृत्रिम तंतूचा असतो. तो ओल स्वतःत न ठेवता खालच्या शोषक थराकडे धाडतो, म्हणून कातडी तुलनेने कोरडी राहते. जुन्या सुती धोतराच्या घड्या घालून वापरणाऱ्या घरांत मला कातडी सोललेली, लाल झालेली अधिक आढळते, आणि हिवाळ्याच्या रात्री तीच ओली घडी अंगातील ऊबही ओढून घेते. पहाटे पाच वाजता ओल्या अंथरुणात गार पडलेल्या आजीला "झोपेत असेल, उठवू नये" म्हणून तसेच ठेवू नका. थंडीच्या दिवसांत रात्री एकदा उठून ओल पाहावी. डायपर असला तरी पाहावी, कारण त्याच्याही शोषणाला मर्यादा आहे.

कृत्रिम कपड्यांचा दुसरा प्रकार म्हणजे फ्लीस. मऊ, लवदार, हलके, आतून-बाहेरून केसाळ असे हे कापड आता आपल्या बाजारातही सर्रास मिळते. अमेरिकेतील माल्डेन मिल्स या गिरणीने १९८० च्या आसपास ते घडविले. पॉलिएस्टरचे विणलेले कापड यंत्राने खरवडून त्याची लव उभी करतात. आपला पिंजारी कापसाला जे करतो तेच हे यंत्र पॉलिएस्टरला करते, म्हणजे हवेसाठी जागा करून देते. फरक असा की हा तंतू ओलाव्याने मऊ पडून चपटा होत नाही. फ्लीसचा सदरा भिजला तर पिळून, झटकून पुन्हा घालता येतो आणि तो बरीचशी ऊब राखतो. वजन स्वेटरपेक्षा कमी, त्यामुळे खांदे दुखणाऱ्या, संधिवाताने हात वर न होणाऱ्या ज्येष्ठांना पुढून चेन असलेले फ्लीसचे जाकीट फार सोयीचे पडते. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्याही याच कुळातील पॉलिएस्टरच्या असतात, आणि १९९३ पासून अशा वापरलेल्या बाटल्यांपासूनही फ्लीस तयार होत आले आहे. त्याचा एक दोष मात्र ठळक आहे. ते वाऱ्याला अडवीत नाही. स्कूटरवर मागे बसलेल्या आजीला नुसत्या फ्लीसमधून वारा सरळ बोचतो.

लोकरीचे काय, असे विचारणारे बरोबर विचारतात. लोकर आपल्या तंतूत पुष्कळ ओलावा सामावून घेते, तरी तिचे कुरळे तंतू हवा धरून ठेवतात. धनगरांच्या खांद्यावर भर पावसात घोंगडी असे ती उगीच नव्हे. चांगले लोकरी स्वेटर घरात असेल तर ते टाकून फ्लीस घ्या, असे मी कधीही सांगणार नाही. लोकर जड असते, भिजली की अधिक जड होते आणि वाळायला वेळ घेते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. स्वेटरच्या नावाखाली आपल्याकडे बहुधा अॅक्रिलिक विकले जाते. तोही कृत्रिम धागाच. कोरड्या थंडीत तो काम भागवतो.

तिसरा थर वारा आणि पाऊस अडविणारा. येथे मोठी अडचण होती. रबराचा किंवा प्लास्टिकचा रेनकोट बाहेरचे पाणी अडवितो, पण आतला घामही अडवितो. शेतात युरियाच्या पोत्याची खोळ घेऊन काम करणाऱ्याला विचारा. पावसाने भिजला नाही तरी घामाने भिजतो. यावर १९६९ साली अमेरिकेतील रॉबर्ट गोर यांना उपाय सापडला. न चिकटणाऱ्या तव्यावर ज्याचा लेप असतो, त्याच पदार्थाला त्यांनी झटक्याने ताणले आणि त्याची असंख्य सूक्ष्म छिद्रे असलेली पातळ पापुद्र्यासारखी त्वचा तयार झाली. छिद्रे इतकी बारीक की पाण्याचा थेंब त्यांतून जाऊ शकत नाही, पण वाफेचे कण सुटे सुटे असल्याने सहज बाहेर पडतात. ‘ब्रीदेबल’ म्हणजे हेच. कापड श्वास घेत नाही, वाफेला वाट देते. १९७६ पासून गोर-टेक्स या नावाने हे कापड बाजारात आहे. आता इतर अनेक कंपन्यांची त्यासारखी कापडे मिळतात, काही पॉलियुरेथेनच्या पापुद्र्याची.

या कापडाविषयी माझे मत थोडे निराळे आहे. ते महाग असते आणि सगळीकडे सारखे काम करीत नाही. वाफ आतून बाहेर जाते ती आत दमटपणा अधिक आणि बाहेर कमी असेल तेव्हाच. हिमालयातील थंड हवेत ते उत्तम चालते. आपल्या आषाढात, जेव्हा बाहेरची हवाच दमट आणि उबदार असते, तेव्हा वाफेला जायला वाव नसतो आणि महागडा कोटही आतून ओला होतो. कौंडण्यपूरहून पंढरीला जाणाऱ्या रुक्मिणीमातेच्या पालखीबरोबर चालणाऱ्या आमच्या भागातील ज्येष्ठ वारकऱ्यांना मी हा कोट कधी सुचवीत नाही. त्यांच्यासाठी छत्री, बगलेत हवेला वाट असलेला सैल रेनकोट, आणि मुक्कामाला पोचताच घालायला प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवलेला कपड्यांचा एक जोड, एवढे पुरेसे आहे. तो कोरडा जोड सुती असला तरी चालेल. तो कोरडा असणे महत्त्वाचे.

खरी कसोटी केदारनाथसारख्या ठिकाणी लागते. आपण समुद्रसपाटीपासून तीन-साडेतीनशे मीटरवर राहतो. केदारनाथचे मंदिर ३५८३ मीटरवर आहे, आणि अमरनाथची गुहा त्याहूनही उंच. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे केवळ उंचीमुळेच वीस-एकवीस अंशांचा फरक पडतो. मेमध्ये मोर्शीच्या उन्हातून निघालेला माणूस तीन-चार दिवसांत रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत जाऊन पोचतो. तेथे दुपारनंतर पावसाचा नेम नसतो. जून २०१३ च्या केदारनाथच्या महापुरात पाण्यातून वाचून डोंगरावर चढलेल्या यात्रेकरूंपैकी काहींचा बळी पुढे थंडीने व उघड्यावर भिजल्याने गेला. २०२२ च्या मोसमात चारधाम यात्रेच्या पहिल्या पाच आठवड्यांतच शंभराहून अधिक यात्रेकरू दगावले. मोठे कारण हृदयविकाराचे होते, आणि थंडी हृदयावरचा भार वाढविते हे वेगळे सांगायला नको. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्त किंचित घट्ट होते. कपडे विरळ हवेचा त्रास टाळू शकत नाहीत. त्यासाठी सावकाश चढणे आणि वैद्यकीय तपासणी हवीच. पण थंडीचा भार कपड्यांनी नक्की हलका होतो.

गौरीकुंडाहून चढाई सुरू होते तेव्हा अंगाला घाम येतो. सुती बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर शाल असा सारा जामानिमा घालून माणूस चढतो, आतून भिजतो, आणि विसाव्याला बसला की वाऱ्याने गारठतो. ओल्या बनियनवर चार स्वेटर चढविले तरी आतली ओल तशीच राहते. म्हणून अंगालगत पॉलिएस्टरचे थर्मल, त्यावर फ्लीस, आणि वारा-पाऊस आला की बाहेरचे जलरोधक जाकीट, असे तीन थर न्यावेत. चालताना फ्लीस काढून पिशवीत ठेवावे. थोडी थंडी वाजत चालणे चांगले, घामेजून चालणे नव्हे. थांबताच मात्र लगेच फ्लीस चढवावे, थंडी वाजण्याची वाट पाहू नये.

डोलीतून किंवा खेचरावरून जाणाऱ्यांना आपण कष्ट वाचले असे वाटते. माझ्या दृष्टीने त्यांना धोका अधिक आहे. ते तासन्‌तास हालचालीविना बसलेले असतात, त्यांची शेगडी मंद आणि वारा सरळ अंगावर. सोबत पायी चालणारा तरुण मुलगा घामाघूम झालेला असतो आणि स्वतःवरून वडिलांची थंडी मोजतो. "मला तर उकडते आहे, तुम्हाला कशाला टोपी?" हे वाक्य त्याने बोलूच नये. बसून जाणाऱ्याला चालणाऱ्यापेक्षा एक थर जास्त लागतो. कानटोपी, हातमोजे आणि गुडघ्यावर पांघरूण, हे डोली उचलण्यापूर्वीच घालावे.

स्त्रियांचा प्रश्न निराळा. साडी सोडायला अनेक आज्या तयार नसतात आणि मीही आग्रह करीत नाही. साडीच्या आत थर्मलची विजार व पूर्ण बाह्यांचे थर्मल, त्यावर पोलके, वर फ्लीस, आणि पायांत उंच मोजे घालता येतात. साडी मात्र सुती नको. भिजलेला सुती काठ घोट्याभोवती दिवसभर गार पट्टीसारखा गुंडाळलेला राहतो. एरवी जिला ‘हलकी’ म्हणून कपाटात मागे ढकलतात, ती कृत्रिम जॉर्जेटची साडी येथे कामाला येते, कारण ती झटकली की अर्धी कोरडी होते. ज्यांना देवदर्शनासाठी कृत्रिम वस्त्र मनाला पटत नाही, त्यांनी आपल्या आजीची सोवळ्याची धाबळी आठवावी. ती लोकरीचीच असे.

आपल्या गावातील थंडीलाही कमी लेखू नये. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. मोर्शी-वरुड पट्ट्यात रात्रीच्या विजेवर संत्र्याच्या बागेला पाणी देणारे, ओलित करताना गुडघ्यापर्यंत भिजणारे साठी-पासष्टीचे शेतकरी मला दर हिवाळ्यात भेटतात. त्यांना माझे सांगणे इतकेच की गमबूट घाला, आणि कोरडे मोजे व विजार खोपीत ठेवून काम संपताच बदला. चिखलदऱ्याला नातवंडांबरोबर जाणाऱ्या आजी-आजोबांनीही सुमारे अकराशे मीटरची उंची आणि संध्याकाळचा वारा लक्षात घेऊन एक वारारोधक जाकीट, ज्याला आपण विंडचीटर म्हणतो, जवळ ठेवावे.

अतिशीतता ओळखायची कशी? बोलणे जड व तुटक होणे, बटण लावता न येणे, पाऊल अडखळणे, विनाकारण चिडचिड किंवा गुंगी, पोटाची कातडीही हाताला गार लागणे. कुडकुडणे असेलच असे नाही. ज्येष्ठांत ते होतच नाही किंवा मध्येच थांबते, आणि थांबले म्हणजे बरे वाटले असा गैरसमज होतो. घरातील साध्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर विसंबू नका. तो पस्तीस अंशांपासूनच आकडे दाखवितो, त्याखालचे तापमान त्याला कळत नाही. अशा वेळी प्रथम ओले कपडे काढा, अंग टिपून कोरडे करा, डोके व मान झाका, कोरडी पांघरुणे घाला. माणूस नीट शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर कोमट गोड चहा द्या. हातपाय जोराने चोळू नका, मद्य देऊ नका, गरम पाण्याची पिशवी उघड्या कातडीला लावू नका, मधुमेह्यांच्या पायांना तर मुळीच नको, भाजले तरी त्यांना कळत नाही. गुंगी असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि रुग्णाला आडवेच, हलक्या हाताने न्या.

शिफारस केली म्हणजे दोषही सांगायला हवेत. सर्वांत मोठा दोष आगीचा. सुती कापड जळते, पण पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळतात, आणि वितळलेला थर कातडीला चिकटून खोलवर भाजतो. हिवाळ्यात शेकोटीभोवती बसणारे आजोबा आणि चुलीपुढे किंवा समईपुढे वाकणारी आजी, यांनी फ्लीस किंवा नायलॉनचे जाकीट घालून विस्तवाजवळ जाऊ नये. तेथे सुती किंवा लोकरी पांघरूणच बरे. घरी प्राणवायूचे यंत्र लावलेल्या रुग्णाच्या खोलीत तर विस्तव नकोच, आणि चटचट ठिणग्या उडविणारी कृत्रिम पांघरुणेही नकोत. दुसरा दोष कातडीचा. घट्ट कृत्रिम कपडे उन्हाळ्यात व पावसाळ्यात दिवसभर घातले की जांघेत, काखेत गजकर्ण वाढते. घामाचा वासही या धाग्यांत सुती कापडापेक्षा अधिक टिकतो, म्हणून थर्मल रोज धुवावे. ज्येष्ठांची कातडी कोरडी असते, त्यावर खोबरेल तेल लावून मग थर्मल घातले की खाज कमी होते. चैत्र लागला की हे सारे कपडे पेटीत, आणि सुती कपडे बाहेर. तापाच्या रुग्णाला उबदार थर्मलमध्ये गुंडाळू नये, हेही सांगून ठेवतो.

धुण्याविषयी दोन शब्द. फ्लीस व थर्मल कोमट किंवा थंड पाण्यात धुवा. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नका, त्याने धाग्यांवर थर बसतो आणि घाम ओढण्याचा गुण जातो. इस्त्री लावू नका. जलरोधक जाकिटाच्या बाह्य कापडावर पाणी गोळा होऊन ओघळावे असा लेप असतो. तो झिजला की कापड भिजते, जड होते आणि आतली वाफ बाहेर जाईनाशी होते. मग लोक म्हणतात की जाकीट गळते. पुष्कळदा ते गळत नसते, आतला घामच साचलेला असतो. बाहीवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. ते मोत्यासारखे उभे राहिले तर लेप शाबूत आहे, पसरून मुरले तर नवा लेप देण्याची वेळ झाली. यांपैकी काही लेपांतील फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात वर्षानुवर्षे नष्ट होत नाहीत, म्हणून नवे जाकीट घेताना त्यांविना केलेले मिळाले तर ते घ्यावे.

महाग चिठ्ठीवर विश्वास ठेवण्याआधी घरीच परीक्षा करता येते. सुती बनियन आणि नवे थर्मल, दोन्ही सारख्या पाण्यात बुडवा, सारखे पिळा, आणि सावलीत एकाच दोरीवर वाळत घाला. तासा-दोन तासांनी दोन्ही गालाला लावून पाहा. थर्मल तोवर जवळजवळ कोरडे झाले नसेल, तर त्यात सुताची भेसळ बरीच आहे. असे थर्मल रात्री घरात घालायला चालेल, केदारनाथच्या पिशवीत नको.